कॅप्सूल चालू, मिसरीही चालू

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही भिशीत बसा, हल्ली 'अँटीऑक्सिडंट' हा शब्द कानावर पडतोच. कुणाची जाऊ ज्यूसच्या बाटल्या विकते, कुणाची वहिनी हळदीच्या कॅप्सूल. हृदय मजबूत होतं म्हणे! विकणाऱ्या बायकांवर माझा राग नाही, त्यांनाही संसार आहेत. पण पैसे मोजण्याआधी चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

शेंगदाण्याचं कूट बरेच दिवस उघडं राहिलं की खवट होतं, कारण हवेतला ऑक्सिजन त्यातलं तेल बिघडवतो. शरीरातही तसंच काहीसं घडतं. हृदयाचे ठोके पडतात दिवसाला सुमारे एक लाख. एवढ्या कामासाठी हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांनीच व्यापलेला असतो. ऑक्सिजन वापरून ऊर्जा करताना थोडे उपद्रवी कण सुटतात. निरोगी पेशी त्यांचा बंदोबस्त स्वतःच करते. पण तंबाखू, धूर, वाढलेली साखर आणि रक्तदाब यांनी हे कण वाढले की बंदोबस्त अपुरा पडतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पेशीच्या आवरणातली चरबी बिघडते, ठोक्यासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचं गणित चुकतं आणि शेवटी पेशी मरते. खरचटलं तर कातडी नवी येते, हृदयाचं तसं नाही. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही, असं स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं. गेलेल्या पेशींच्या जागी व्रण उरतो, आणि व्रण काही आकुंचन पावत नाही.

मग अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात की! तोही प्रयोग झालाय. कॅनडातल्या डॉ. सलीम युसुफ यांच्या 'होप' अभ्यासात नऊ हजारांहून जास्त लोक होते. त्यातल्या निम्म्यांना काही वर्षं व्हिटॅमिन ई दिलं. हृदयविकाराचे झटके त्यामुळे कमी झाले नाहीत, हे 2000 साली कळलं. 2005 च्या पुढच्या अहवालात तर ते घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर उलट थोडं जास्तच आढळलं. विक्रीच्या पत्रकात हे कुणी छापत नाही. आता आपली हळद. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच. पण तिच्यातलं करक्युमिन मुळात थोडं, आणि पोटातून रक्तात जातं त्याहून थोडं. आमटीत जरूर घाला, रक्तदाबाच्या गोळीऐवजी नको.

मला खरी काळजी आहे ती मिसरीची. बचत गटाच्या बैठकीत विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "मिसरी लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई, ताई." तव्यावर तंबाखू भाजताना घरभर ठसका उठतो, लेकरं खोकतात, आणि सासूची डबी हळूच सुनेकडे येते. बिडी ओढणाऱ्या नवऱ्याला सगळे दटावतात. मिसरी मात्र दात घासायची वस्तू! अहो, तीही तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, ठोके आणि रक्तदाब वाढवतं. त्यात चुलीचा धूर. 2016 नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर आले, तरी अंघोळीचं पाणी अजून कितीतरी परड्यांत शेणी आणि उसाच्या पाचटावरच तापतं, आणि तिथं फुंकणी घेऊन बसते बाईच.

त्यात आपली खोड अशी, की धाप लागली, पाठ-जबडा दुखला, घाम फुटला, तर 'पित्त झालंय' म्हणून सोडा प्यायचा. बाईच्या हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच आडवाटेनं येतं. अशा वेळी सोडा पीत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या आता प्रत्येकीकडे डझनभर झाल्यात. यंदा वाण राहू दे. गल्लीतल्या एखाद्या नर्सताईंना बोलवा, रक्तदाबाचं मशीन ठेवा, आणि कमरेला मिसरीची डबी खोचून आलेल्या काकूंना आधी खुर्चीत बसवा.