निकितिन कुठल्या गावचा?

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे दुसरा किंवा तिसरा प्रश्न ठरलेला असतो. "गाव कुठलं?" नाव सांगा, कंपनी सांगा, ऑफिसला पोचायला किती तास लागतात ते सांगा, गाव सांगितल्याशिवाय सुटका नाही. मागच्या महिन्यात आम्ही चौघं शनिवार-रविवार रेवदंड्याला गेलो होतो (लॅपटॉप आणायचा नाही ही एकमेव अट, आणि ती एकाने मोडलीच). तिथे अफानासी निकितिनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात शेजारच्या चौल बंदरात उतरलेला व्यापारी. विकायला एक घोडा घेऊन आला, पालीवरून जुन्नरला गेला, अख्खा पावसाळा तिथे काढला, मग बिदर. जुन्नरच्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर घोडा परत, वर हजार मोहरा, असं सांगितलं, ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. १९५७ चा नर्गिस आणि बलराज साहनीचा 'परदेसी' त्याच्यावरचाच. त्यातलं प्रेमप्रकरण मात्र सिनेमावाल्यांचं. निकितिनच्या वहीत जी काळजी आहे ती घोड्याची आहे.

सगळीकडे त्याची ओळख एकच, रशियन प्रवासी. मित्राने विचारलं, "म्हणजे मॉस्कोचा ना?" मी म्हटलं, "नाही, त्वेरचा." तो म्हणाला, "तेच ते."

मासे खाऊन परत येईपर्यंत ते 'तेच ते' माझ्या डोक्यातून जाईना. गाडीत वाद घालण्याइतकी माहिती नव्हती. आता चार शनिवार वाचून काढल्यावर थोडी आहे, म्हणून हे लिहितोय. मित्रा, वाचत असशील तर बघ.

आधी कबुली. माझ्या डोक्यातला रशियाही तसाच होता. बारावीत छळणारा इरोडोव्ह, आजोबांच्या कपाटातली मीर प्रकाशनाची स्वस्त आणि मस्त पुस्तकं, आणि नकाशावरचा तो एकाच रंगाचा भलामोठा तुकडा. तो तुकडा पहिल्यापासून तसाच असणार, फार तर पूर्वेकडे वाढत गेला असेल, असं मी धरून चाललो होतो.

त्वेर आज मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या रेल्वेवरचं शहर आहे, मॉस्कोपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पुणे-मुंबईपेक्षा जरासं जास्त. पण १४६८ च्या सुमारास निकितिन निघाला तेव्हा तिथे वेगळं राज्य होतं. मिखाईल बोरिसोविच नावाचा स्वतःचा महाराजा, स्वतःचा बिशप, स्वतःची नाणी. मिखाईलच्या बापाची, बोरिस अलेक्सांद्रोविचची, स्तुती करणारा एक ग्रंथ त्वेरमध्ये लिहिला गेला, त्यात त्याला इतकं चढवलंय की मॉस्को म्हणजे शेजारचं कुठलंतरी संस्थान वाटावं. १४३८-३९ मध्ये इटलीत पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चची मोठी परिषद भरली, तिला त्वेरने आपला वेगळा वकील पाठवला होता. निकितिनकडे प्रवासाचं पत्र होतं तेही या मिखाईलचं. आजच्या भाषेत पासपोर्ट त्वेरचा.

आणि मॉस्कोशी संबंध? इथे मजा येते. मजा म्हणजे वाचणाऱ्याला, त्वेरवाल्यांना आली नसणार.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही शहरं मंगोलांच्या, म्हणजे सोनेरी टोळीच्या, मांडलिकीत होती आणि सगळ्या रुसचा महाराजा कोण हे टोळीचा खान ठरवायचा. पद एक, उमेदवार दोन. १३१८ मध्ये मॉस्कोच्या युरीने कान भरल्यावर त्वेरच्या मिखाईल यारोस्लाविचला खानाच्या छावणीत ठार मारलं गेलं. १३२७ मध्ये त्वेरच्या लोकांनी उठाव करून खानाच्या नातेवाइकाला, चोल-खानला, माणसांसकट कापून काढलं. आपण शाळेत शिकलेल्या इतिहासाच्या सवयीने वाटतं की आता बाकीचे रशियन मदतीला धावतील. मॉस्कोचा इव्हान कलिता धावला खरा, पण टोळीचं सैन्य घेऊन त्वेरवर. शहर जाळून लुटून फस्त केलं. त्वेरचा राजा अलेक्सांद्र पळून प्स्कोव्हला गेला, पुढे १३३९ मध्ये तोही टोळीत मारला गेला. त्यानंतर कलिताने त्वेरच्या मुख्य चर्चची घंटा उतरवून मॉस्कोला नेली.

घंटा नेणं ही मॉस्कोची पुढे पद्धतच झाली. १४७८ मध्ये नोव्हगोरोद घेतलं तेव्हा तिथल्या लोकसभेची घंटा नेली, १५१० मध्ये प्स्कोव्हची नेली. लोकांना एकत्र बोलावायचं साधनच काढून घ्यायचं. आजकाल इंटरनेट बंद करतात, तसं काहीसं.

त्वेरनेही काही हात बांधून मार खाल्ला नाही. तिथली राजकन्या उलियाना लिथुआनियाच्या ओल्गेर्दला दिलेली. लिथुआनिया म्हणजे तेव्हाचं प्रचंड राज्य, आजचा बेलारूस आणि युक्रेनचा बराचसा भाग त्यात. हा मेहुणा १३६८, १३७० आणि १३७२ असा तीनदा मॉस्कोवर चालून गेला. म्हणजे एका रशियन शहराने तातारांना घेऊन दुसऱ्यावर जायचं आणि दुसऱ्याने लिथुआनियन घेऊन पहिल्यावर. 'आपले' आणि 'परके' अशी आज आपण आखतो ती रेघ तिथे ओढून बघा, कागद फाटेल. १३७५ मध्ये मॉस्कोच्या दिमित्रीने त्वेरला वेढा घातला आणि तहात लिहून घेतलं की त्वेरचा राजा हा मॉस्कोचा धाकटा भाऊ. भाऊ हा शब्द लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता निकितिनच्या वाटेकडे. तो व्होल्गा नदीने खाली निघाला. कोस्त्रोमा, निझ्नी नोव्हगोरोद हा मुलूख मॉस्कोचा. निझ्नीला तो दोन आठवडे थांबला, कारण शिर्वानच्या (आजच्या अझरबैजानातल्या) शाहाचा वकील हसन-बेक परत चालला होता, मॉस्कोच्या इव्हान तिसऱ्याने दिलेले नव्वद ससाणे घेऊन, त्याची सोबत धरायची होती. पुढे कझान, ती वेगळी खानशाही. मग अस्त्राखान, आणखी एक खानशाही. तिथे तातारांनी लुटलं. जे वाचलं त्यातलं एक जहाज कास्पियन समुद्राच्या वादळात किनाऱ्याला लागलं, त्यावरची माणसं डोंगरी कायताक लोकांनी पकडली. शिर्वानच्या शाहाने आपला वकील मध्ये घालून ती सोडवली, पण घरी जायला पैसे मागितल्यावर तुम्ही फार जण आहात म्हणून कुणालाच काही दिलं नाही. (हे उत्तर ओळखीचं वाटलं.) ज्यांचं घरी काही होतं ते घरी गेले. ज्यांच्यावर कर्ज होतं ते वाट फुटेल तिकडे गेले. निकितिन असा पुढे सरकत सरकत चौलला पोचला. हिंदुस्थानचा शोध वगैरे त्याच्या मनात फारसं असावं असं मला वाटत नाही, उधारी असावी.

मुद्दा असा की ती व्होल्गा तेव्हा कुणा एकाची नव्हती. कझान १५५२ मध्ये आणि अस्त्राखान १५५६ मध्ये मॉस्कोने घेतलं, तेव्हा ती नदी शेजाऱ्यांच्या अंगणातून जायची थांबली आणि घरातली झाली. आज आपण तिला रशियाची नदी म्हणतो आणि निकितिनचा प्रवास वाचताना तो कझानपर्यंत देशातच होता असं नकळत समजतो.

परतीच्या वाटेवर तो दाभोळहून निघाला, इराणमार्गे काळ्या समुद्रावर आला, क्रिमियातल्या काफा बंदरात उतरला. काफा तेव्हा जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांचं. आणि स्मोलेन्स्कला पोचण्याआधी वाटेत वारला. ते स्मोलेन्स्क लिथुआनियात होतं, मॉस्कोकडे आलं १५१४ मध्ये. थोडक्यात, या 'रशियन' प्रवाशाचा शेवट आजच्या रशियाच्या नकाशात कुठे झाला ते विचाराल तर त्या वेळच्या लोकांना प्रश्नच कळणार नाही. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ मध्ये मॉस्कोला आणून इव्हान तिसऱ्याच्या सचिवाकडे, वसिली मामिरेव्हकडे, दिल्या आणि त्या मॉस्कोच्या बखरीत शिरल्या. मग बखरीच्या ढिगाऱ्यात पडून राहिल्या, थेट करामझिन या इतिहासकाराच्या हाती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लागेपर्यंत.

त्यानंतर दहाच वर्षांनी त्वेर गेलं. मिखाईल बोरिसोविचची बहीण इव्हान तिसऱ्याची पहिली बायको होती, ती १४६७ मध्ये वारली. एकटा पडत चाललेल्या मिखाईलने लिथुआनियाच्या काझिमिरशी संधान बांधायला घेतलं. मॉस्कोने एकदा सैन्य पाठवून परत धाकटा भाऊ म्हणून लिहून घेतलं. मग त्याचं काझिमिरला जाणारं पत्र पकडलं गेलं. सप्टेंबर १४८५ मध्ये इव्हान स्वतः आला, तोफा घेऊन. तोफांवर अरिस्तोतेले फिओरावांती, म्हणजे ज्याने क्रेमलिनमधलं उस्पेन्स्की कॅथेड्रल बांधलं तोच इटालियन इंजिनियर. (आपली जमात, क्लायंट सांगेल ते.) त्वेरचे सरदार एकेक करून आधीच मॉस्कोच्या चाकरीत गेले होते. राजा रात्रीचा पळून लिथुआनियात गेला, शहराने दरवाजे उघडले.

इथे माझा मित्र म्हणेल, आणि बरेच रशियन इतिहासकारही म्हणत आलेत, की एकत्र झाल्याशिवाय तातारांचं जोखड गेलं नसतं. मलाही हा युक्तिवाद आधी पटला होता. पण जोखड गेलं असं मानतात ते १४८० मध्ये, उग्रा नदीवर, मॉस्को आणि टोळी समोरासमोर उभी राहिली आणि टोळी परत फिरली तेव्हा. आणि उग्रावर त्वेरचं सैन्य मॉस्कोच्या बाजूने हजर होतं. स्वतंत्र राज्य म्हणून, मिखाईलने पाठवलेलं. म्हणजे मदत मिळत होतीच. त्यानंतर पाच वर्षांनी तोफा आल्या.

निकितिन स्वतःला रुस समजायचा यात शंका नाही. भाषा ती, धर्म तो, उपवास चुकले म्हणून परदेशात बसून रडायचा. पण त्यासाठी मॉस्कोची प्रजा असावं लागत नव्हतं. त्याच सुमारास जुन्नरचा मराठी माणूस बहमनींच्या राज्यात होता, त्याने कुणाची प्रजा असायला हवं होतं असं त्याच्या भाषेवरून ठरवता येईल का? आपल्याला हे चटकन कळतं. रशियाच्या बाबतीत मात्र 'तेच ते'.

हे सगळं जुनं मढं उकरणं वाटेल, पण जुलै २०२१ मध्ये रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी रशियन आणि युक्रेनियन लोकांच्या ऐतिहासिक एकतेवर लांबलचक लेख लिहिला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे पाठवले. दोघेही त्या जुन्या रुसचे वारस, म्हणून एकच लोक, असा त्यातला धागा. मी तो लेख वाचला. भाऊबंदकीचा दावा असतो तसा आहे. जुना सातबारा काढायचा आणि मधले सगळे फेरफार रद्द म्हणायचे. त्यात जो आपल्याला भाऊ म्हणतो तो थोरला आहे हे गृहीतच असतं. त्वेरला हे १३७५ पासून माहीत होतं.

आज त्वेरच्या लोकांना वेगळं राज्य हवंय असं मुळीच नाही, ते स्वतःला रशियनच म्हणतात. पण तिथेच करेलियन लोकांची गावं आहेत. १६१७ च्या स्तोल्बोव्होच्या तहात त्यांचा मुलूख स्वीडनकडे गेला, तेव्हा ही फिनिशच्या नात्यातली भाषा बोलणारी कुटुंबं युद्धांनी ओस पडलेल्या या भागात येऊन राहिली. तीनशे वर्षं त्यांची भाषा टिकली. १९३७ मध्ये त्यांना वेगळा राष्ट्रीय जिल्हा मिळाला, १९३९ मध्ये तो मोडला आणि शाळांतून भाषाही गेली. १९२६ च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ४० हजार करेलियन होते, २०१० मध्ये साडेसात हजारसुद्धा नाहीत. शहराचं नावही मध्ये बदललं होतं, १९३१ ते १९९० ते कालिनिन होतं. निकितिनचा तिथला पुतळा १९५५ चा, म्हणजे त्वेरच्या माणसाचा पुतळा उभारला तेव्हा त्वेर नावाचं शहर नकाशावर नव्हतं.

मित्रासाठी शेवटची गोष्ट. निकितिनची वही रशियनमध्ये आहे, पण मध्येच तो तुर्की, फारसी, अरबी शब्दांत घुसतो. वाटेत ज्यांनी लुटलं, ज्यांनी सोडवलं, ज्यांच्याशी भाव केला त्यांच्या या बोलीभाषा. खाजगी गोष्टी बहुतेक याच भाषेत. तिथे एका जागी तो रुसच्या भूमीसाठी देवाकडे मागणं मागतो, अशी भूमी जगात नाही म्हणतो आणि लगेच तिथल्या सरदारांबद्दल एक तक्रार करतो. त्या शब्दांच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात, सरदार न्यायी नाहीत असं लिहिलंय. काही म्हणतात, ते एकमेकांशी भावासारखे वागत नाहीत असं लिहिलंय. ती ओळ त्याने तुर्कीत लिहिली, रशियन अक्षरांत. मॉस्कोच्या नकलाकारांना ती कळली असेल असं मला वाटत नाही, त्यांनी अक्षराला अक्षर लावून उतरवून घेतली.