पायलीचे किलो करताना इतिहास कुठे सांडतो?

एक वाटी शिजलेला भात म्हणजे किती ग्रॅम? आहाराचा हिशेब ठेवणारे हल्ली हा प्रश्न सतत विचारतात आणि प्रत्येकाला निराळे उत्तर मिळते. वाटीभर तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, हे खरे. पण तांदूळ नवा की जुना, भात मोकळा की आसट, वाटीत अलगद घातला की दाबून, यावर वजन बदलते. आकारमानाचे वजन करायचे तर वस्तूची अवस्था आधी सांगावी लागते.

हा प्रश्न आजचा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षासाठी शिजल्यावर धान्य किती वाढते याची प्रमाणे दिली आहेत : कोद्रवासारखी धान्ये तिप्पट, व्रीही चौपट, शाली पाचपट. कोठारातून तांदूळ किती गेला आणि पंगतीत भात किती आला, याचा मेळ राज्याला घालायचा होता. आचाऱ्यांवरचा विश्वास बेताचाच असावा!

त्याच ग्रंथातील द्रोण या मापाची व्यवस्था अधिक बोलकी आहे. द्रोणाचे प्रमाण उडदाच्या वजनावरून ठरवलेले आहे. म्हणजे कोणते धान्य, हे मापाच्या व्याख्येतच येते. शिवाय द्रोण एक नाही. राज्याच्या जमेचा २०० पलांचा, व्यवहाराचा १८७॥ पलांचा, वाटपाचा १७५ पलांचा आणि अंतःपुराच्या वाटपाचा १६२॥ पलांचा. नाव तेच, पण घेताना २०० आणि देताना १७५. आठवा हिस्सा मापातच उरला.

हे फार दूरचे वाटत असेल, तर वसमत तालुक्यातील हट्टा घ्यावे. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यात होते आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हा मुलूख ज्वारीचा, आणि खळ्यावरची भाषा पायली, शेर, मापटे, चिपटे यांची. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, इथवर सरळ आहे. मण मात्र कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. म्हणजे खंडी एका हिशेबाने २४० पायल्यांची आणि दुसऱ्याने ३२० पायल्यांची. त्यात पायली ज्वारीने भरली की साळीने, हा प्रश्न उरतोच. टरफलामुळे साळ त्याच मापात बरीच हलकी भरते.

आणि मग शीग. काठोकाठ सपाट माप निराळे, वर शीग चढवलेले निराळे. सालदाराचे धान्य, बलुतेदाराचा वाटा, सवाई-दिढीने घेतलेले बियाणे, हे सारे मापानेच चुकते होई. देताना सपाट आणि परत घेताना शीग, एवढे केले तरी कागदावरचा आकडा न बदलता व्याज वाढते. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो. तो लाभ कोणाचा, हे शिगेवर ठरे.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी वजनमापांच्या प्रमाणीकरणाचा केंद्रीय कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. गरिबाच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता. किलोला शीग चढत नाही. काट्याची लबाडी संपली असे नव्हे, पण ती पकडायला सरकारी शिक्क्याचे वजन तरी होते.

म्हणूनच जुन्या कागदातील ‘खंडी’ पुढे थेट किलोचा आकडा लिहिण्याची आजची हौस खटकते. गडावरचा धान्यसाठा इतके टन होता, अमक्याला इतके किलो धान्य मिळे, अशी चित्रे समाजमाध्यमांवर रोज फिरतात. ४० शेरांचा, ८० तोळ्यांच्या शेराचा मण म्हणजे ३७.३२ किलो, हे कोष्टक चोख आहे. पण ते वजनी मणाचे आहे. मापी मणाला ते लावले की दशांश चिन्हानंतरचे आकडे शास्त्रीय दिसतात आणि उत्तर चुकते.

अशा नोंदीत मूळ माप जसेच्या तसे ठेवावे. शेजारी धान्य, परगणा आणि मण किती पायल्यांचा धरला ते लिहावे, आणि किलोचा आकडा त्यानंतर, ‘अंदाजे’ म्हणून. कागद शिगेबद्दल काही सांगत असेल, तर ती ओळ मुळीच गाळू नये.