‘बघू नंतर’चं खातं

डिसेंबर उजाडला की न्यू जर्सीतल्या माझ्या धाकट्या बहिणीचा फोन ठरलेला. “ताई, खात्यातले पैसे संपवायचे राहिलेत गं!” पैसे संपवायची कसली घाई, म्हणून मला आधी हसूच यायचं.

मग तिनंच समजावलं. तिकडे बऱ्याच नोकऱ्यांत पगारातली काही रक्कम, कर कापण्याआधीच, औषधपाण्यासाठी बाजूला ठेवता येते. २०२५ साली ही मर्यादा ३,३०० डॉलर होती. चष्मा, दात, डॉक्टरची फी यांवर ती खर्च करायची. २०२० पासून सॅनिटरी पॅडही त्यात बसतात. मुदतीत खर्च झाली नाही, तर रक्कम बुडते. काही कंपन्या थोडी रक्कम पुढच्या वर्षात नेऊ देतात, काही अडीच महिने वाढवून देतात. हिच्या कंपनीत मात्र ३१ डिसेंबर म्हणजे ३१ डिसेंबर!

“मग उरले कसे?” मी विचारलं. नवऱ्याचा चष्मा झाला, मुलाच्या दातांना तारा बसल्या. हिची दुखरी दाढ मात्र ‘बघू नंतर’मध्येच! पैसे हिच्याच पगारातले, तरीही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे असं खातं नसेल, पण हे ‘बघू नंतर’ घरोघरी आहे. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर आपलं, हा हिशेब आपणच बदलायला हवा. तिला म्हटलं, “आधी दाढ दाखव, मगच फोन कर.” आणि मीही दोन वर्षं लांबवलेला डोळ्यांचा नंबर तपासून आले.

तुमचं काय राहिलंय?