जुना लॅपटॉप, नवा प्रोसेसर आणि आपली मुले

आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात आज जे लॅपटॉप आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेले आहेत. पुणे, मुंबई, हैदराबाद येथे नोकरी करणाऱ्या या मुलांना (ती चाळिशीला टेकली तरी मी त्यांना मुलेच म्हणणार) शाळेची आठवण राहिली, याचे समाधान आहेच. लॅपटॉपबरोबर बहुधा एक प्रश्नही येतो : "सर, मशीन जरा संथ आहे. प्रोसेसर बदलून घेतला तर मुलांना अजून पाच वर्षे वापरता येईल ना?" दुसरीकडे पालक सभेत एका पालकांनी वेगळाच प्रश्न विचारला. जी वस्तू दुसऱ्याने टाकली, ती आमच्याच मुलांनी का वापरावी? पहिला प्रश्न यंत्राचा आणि दुसरा इतिहासाचा वाटतो. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते.

यंत्रापासून सुरुवात करू. लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो की नाही, हे तो केव्हा तयार झाला त्यावर बरेचसे अवलंबून असते. २०११ साली आलेल्या थिंकपॅड टी४२० सारख्या यंत्रात प्रोसेसर खोबणीत, म्हणजे सॉकेटमध्ये, बसविलेला असतो. पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी काढली, की सॉकेटच्या कडेला एक स्क्रू दिसतो. तो थोडा फिरविला की पकड सुटते आणि तळाशी नऊशेहून अधिक बारीक पिना असलेली चौकोनी तबकडी अलगद हाती येते. तेथे आय३ असेल तर त्याच पिढीतील आय७-२६४०एम बसविता येतो, कारण दोन्ही ३५ वॅटचे आहेत. चार गाभ्यांचा ४५ वॅटचा आय७ देखील त्या खोबणीत बसतो. पण त्या लॅपटॉपचा पंखा ३५ वॅटच्या हिशेबाने केलेला असल्याने यंत्र तापते. पुढच्या, तिसऱ्या पिढीचे प्रोसेसरही त्याच सॉकेटचे आहेत, परंतु टी४२० चे मूळ बायोस त्यांना ओळखतच नाही. खोबणी जुळली म्हणजे काम झाले, असे नाही.

चौथ्या पिढीत तर एकाच नावाची दोन भावंडे आढळतात. आय५-४३००एम खोबणीत बसतो, आय५-४३००यू मात्र मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. पाचव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०१५ पासून, इंटेलचे लॅपटॉपसाठीचे प्रोसेसर सोल्डर करूनच येतात. यंत्र पातळ झाले, हलके झाले, आणि वापरणाऱ्याच्या हातून एक गोष्ट कायमची निसटली. हल्लीच्या अनेक लॅपटॉपमध्ये रॅमही अशीच पक्की केलेली असते. भांड्याला डाख द्यावा तशी ही जोडणी. साध्या हत्यारांनी ती सुटत नाही.

आणि जेथे प्रोसेसर बदलता येतो, तेथेही दैनंदिन वापरासाठी तो बदलण्यात फारसे शहाणपण नाही. आपल्याकडे येणारे लॅपटॉप संथ चालतात ते बहुतांशी फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि अपुऱ्या रॅममुळे. डिस्कच्या जागी एसएसडी घातली, रॅम आठ जीबी केली, की जुन्याच प्रोसेसरवर मुलांचे लेखन, वाचन, गणित, व्हिडिओ सगळे नीट चालते. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर स्वीकारते. दुसऱ्या पिढीचा आय३ काढून दुसऱ्याच पिढीचा आय७ बसविल्याने ते दार उघडत नाही. लिनक्स मात्र अशा यंत्रांवर चालते आणि त्यात मराठीही उत्तम लिहिता येते. केरळमधील सरकारी शाळा कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकवीत आहेत. २०१८ पासून तेथे 'लिटल काइट्स' या विद्यार्थी गटांतून मुले हार्डवेअरही हाताळतात आणि मल्याळममधून संगणन शिकतात.

तेव्हा वापरासाठी प्रोसेसरवर पैसा घालू नये, हे माझे उत्तर. शिकण्यासाठी मात्र त्याच्यासारखा धडा नाही. नववीच्या मुलीने स्वतःच्या हाताने पंखा काढावा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसावी, पिना वाकणार नाहीत अशा बेताने प्रोसेसर उचलावा, नवा ठेवावा आणि पडदा पुन्हा उजळेपर्यंत श्वास रोखून बसावे. संगणक ही जादूची पेटी नाही, हे त्यानंतर तिला वेगळे सांगावे लागत नाही.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत, फुटक्या भांड्यांत खावे, असे नेमून दिलेले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यातला हा नियम. दुसऱ्याचे टाकलेले हाच आपला वाटा, असे ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले, त्यांना शाळेत आलेल्या जुन्या वस्तूंकडे पाहून राग येणारच. तो यावा. शासनाने आश्रमशाळांना व वसतिगृहांना नवी यंत्रे द्यावीत ही मागणी आपण सोडता कामा नये, आणि दानात आलेले लॅपटॉप दाखवून ती मागणी कोणी टाळू लागला तर त्याला तेथेच थांबविले पाहिजे.

परंतु लादलेली उतरण आणि समजून घेतलेली जुनी वस्तू यांत अंतर आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भदन्त आनंदांची कथा येते. कौशांबीच्या उदेन राजाच्या स्त्रियांनी त्यांना पाचशे चीवरे दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ. मग जीर्ण चीवरांचे? अंथरुणावरची आच्छादने करू. ती विरली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवर घालायची बैठक, मग पायपुसणी, मग धूळ झाडायची फडकी. आणि शेवटी तीही कुटून चिखलात कालवू व जमीन लिंपू. या उत्तरात कोठेही लाचारी नाही, कारण त्या कापडाचे पुढे काय होणार हे आनंदांना धाग्यापर्यंत ठाऊक होते.

बंद यंत्राचे पुढे काय होते? तेही अखेर उघडले जातेच. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत गरीब माणसे उघड्या हातांनी मदरबोर्ड फोडतात, तांब्यासाठी तारा जाळतात, धातूसाठी आम्ल वापरतात. ज्याला यंत्र कळते त्याच्या हाती ते मिटलेले राहते, आणि ज्याला कधी शाळा मिळाली नाही त्याच्या हाती ते विषारी धूर होऊन उघडते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. सीलमपूरकडे पाहताना मला ते मांडणे आठवते.

१९४२ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी आणखी एक आग्रह धरला होता : केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे साधणार नाही, त्याला विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. मी स्वतः इतिहासाचा एम.ए.; त्यामुळे हे वाक्य मला थोडे बोचतेही. आपण संगणक कक्ष उभारला, पण त्यात आपली मुले बहुधा फक्त कळफलक बडवतात. शिवाय मला एक भीती आहे. उद्या दुरुस्तीचा वर्ग सुरू झालाच, तर 'हुशार' मुले कोडिंगला आणि 'अभ्यासात मागे' असलेली मुले स्क्रू-ड्रायव्हरकडे, अशी वाटणी आपणच करून मोकळे होऊ. श्रमिकांची तीच विभागणी आपल्याच छताखाली! दुरुस्तीचा तास ठेवायचा तर तो वर्गातल्या प्रत्येकासाठी, आणि पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापासून.

म्हणून व्यवस्थापन समितीने देणगीच्या यंत्रांसाठी एकच कसोटी लावावी, असे मी सुचवितो : हा लॅपटॉप साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो का, आणि त्यातली रॅम व डिस्क तरी बदलता येते का? येत असेल तर आदराने घ्यावा; नसेल तर नम्रपणे परत करावा, मग तो कितीही चकचकीत असो. सॉकेटचा प्रोसेसर असलेले दोन-तीन जुने लॅपटॉप केवळ धड्यासाठी बाजूला ठेवावेत. ते बिघडले तरी चालतील, बिघडण्यासाठीच ते ठेवायचे. माजी विद्यार्थ्यांना विनंती, की पाठविण्यापूर्वी मॉडेलचे आणि प्रोसेसरचे पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासह, कळवावे. आपली खासगी माहिती पुसून टाकावी. आणि चार्जर न विसरता सोबत द्यावा. चार्जर नसलेले चार लॅपटॉप सध्या कपाटात पडून आहेत.