गोळीसोबत मराठीत दोन ओळी द्या

आष्टा आणि पंचक्रोशीतील रुग्ण, डॉक्टर व मेडिकल दुकानदार यांस,

आमवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. तीच कुणी रोज घेतली, तर हाडांतल्या मगजात रक्तपेशी तयार होणे थांबत जाते. तोंड येते, घास गिळवत नाही, ताप चढतो, अंगावर जांभळे ठिपके उठतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. अशी प्रकरणे भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा छापून आली आहेत. त्यांतल्या कित्येकांत रोगाचे निदान बरोबर होते, औषध योग्य होते, मात्राही योग्य होती. ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द तेवढे रुग्णापर्यंत पोचले नाहीत. उरलेल्या सगळ्या गोळ्या रोज घ्यायच्या, मग हीच का नाही, असे त्याला वाटले तर दोष त्याचा नाही. म्हणून या पत्रकाची मागणी एकच आहे: रक्तपेशी घटवू शकणारे औषध लिहिणाऱ्याने आणि विकणाऱ्याने ते कसे घ्यायचे व धोक्याची खूण कोणती, हे मराठीत कागदावर द्यावे.

अशी औषधे दुर्मीळ नाहीत. थायरॉईड वाढल्यावरची कार्बिमॅझोल, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरची लिनेझोलिड, एके काळी विषमज्वरावर सर्रास दिली जाणारी क्लोरॅम्फेनिकॉल आणि ताप-वेदनेवरची ॲनाल्जिन ही त्यांतली काही. काही औषधे मगजाचेच काम मंदावतात. काहींमुळे शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पांढऱ्या पेशींवर उलटते. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी एका मायक्रोलिटर रक्तात ५०० च्या खाली गेल्या की एरवी तोंडात निरुपद्रवी राहणारे जंतूसुद्धा जिवावर उठतात. पहिली खूण म्हणजे ताप आणि घसादुखी. घरात तिला कुणीही पडसेच समजेल. मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तापाची गोळी येते, आणि मूळ औषध ॲनाल्जिनच असून ही गोळीही नेमकी तीच असली, तर आजाराचे कारणच पुन्हा पोटात जाते.

ॲनाल्जिनचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९२२ साली जर्मनीत बाजारात आलेले हे औषध स्वीडनने १९७४ साली आणि अमेरिकेने १९७७ साली हटवले. भारत सरकारने जून २०१३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ती उठवली. पण तीव्र वेदना, गाठीच्या वेदना आणि इतर औषधांनी न उतरणारा ताप एवढ्यापुरतीच मुभा ठेवली. यावर आक्षेप येतो की जर्मनीत ते आजही वापरले जाते आणि पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका नगण्य आहे. १९८६ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठवडाभराच्या वापरामागे हा धोका दहा लाखांत साधारण एक निघाला होता, हे खरे. पण २००२ च्या स्वीडिश अभ्यासात तो सुमारे चौदाशे चिठ्ठ्यांमागे एक निघाला. दोन्ही मोजण्यांची पद्धत वेगळी आहे, हे मान्य करूनही अंतर प्रचंड उरते. धोका किती यावर तज्ज्ञांचा वाद चालू राहील. खूण कोणती यावर वाद नाही. अशा वेळी वाद मिटेपर्यंत थांबायचे, की खूण आजच सांगायची? बंदी हवी की नको, या प्रश्नात हे पत्रक म्हणूनच शिरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लोक घाबरतील आणि गरजेचे औषध सोडून देतील. क्षयरोगात असे झाले तर खरोखरच अनर्थ होईल. पण न सांगितल्याने भीती टळत नाही, ती फक्त शेजारपाजारच्या ऐकीव गोष्टींतून येते. कागदावर ‘औषध सोडू नका, ही खूण दिसली तर त्याच दिवशी या’ असे स्पष्ट लिहिले तर रुग्ण औषध धीराने घेतो. डॉक्टरांना वेळ नसतो, हेही ऐकू येते. छापील चिठ्ठी हातात ठेवायला किती वेळ लागतो? वाचता न येणाऱ्या आजीला नातू वाचून दाखवेल. इंग्रजी वेष्टन तोही धड वाचू शकत नाही. ब्रिटनमध्ये मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीवर गोळी कोणत्या वारी घ्यायची ते लिहावे, असे औषध नियंत्रकांनी २०२० साली बजावले. वार लिहायला आपल्याकडे कोणता खर्च येतो?

अनुसूची ‘एच’ मधले औषध चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे आणि दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हवा, हा नियम जुनाच आहे. आष्ट्यात तर औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी ही चिठ्ठी तयार करून गावातल्या प्रत्येक मेडिकलला द्यावी. औषधाचा अपाय झाल्याची शंका असेल तर रुग्णही १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर कळवू शकतो. चिठ्ठीवर वरच्या ओळीत गोळी घेण्याचा वार किंवा वेळ असावी आणि तिच्याखाली एवढेच असावे: ‘मनाने औषध सोडू नका; पण ताप आला, घसा दुखला, तोंड आले किंवा अंगावर डाग उठले, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तपेशी मोजून घ्या.’