हातांचे गणित

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील एखाद्या घरचा माणूस रुग्णालयात दाखल झाला, की ती वार्ता सायंकाळपर्यंत साऱ्या वाडीत पोहोचते. शेजारी, नातलग, होडीवरचे सोबती भेटीस निघतात. कोणी पेज नेतो, कोणी शहाळे. खाटेच्या कडेवर बसून रुग्णाच्या कपाळावर हात ठेवला जातो. निघताना शेजारच्या खाटेवरील अनोळखी रुग्णाचीही विचारपूस होते. ही माणुसकी कोकणाची शोभा आहे. मात्र याच मायेच्या हाताकडे गणितशास्त्र निराळ्या दृष्टीने पाहते.

साथीच्या गणिताचे मुंबईशी जुने नाते आहे. 1896 साली तेथे प्लेग आला आणि पुढे अनेक वर्षे परतत राहिला. 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातील मुंबईच्या साप्ताहिक प्लेगमृत्यूंचे आकडे घेऊन कर्मॅक व मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी 1927 साली आपली समीकरणे पडताळून पाहिली. त्यांपैकी कर्मॅक प्रयोगशाळेतील अपघातात अंध झाले होते; मॅकेन्ड्रिक यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा बजावली होती. त्याआधी रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाविषयी असेच गणित मांडले होते. शेवटचा डास मारण्याची आवश्यकता नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी रोग ओसरतो, हा त्याचा निष्कर्ष.

रुग्णालयातील संसर्गाच्या गणितात हीच मांडणी उपयोगी पडली. हिवतापात डास एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग नेतो. रुग्णकक्षात अनेक जंतूंसाठी ते काम हात करतात. परिचारिकेचे, डॉक्टरांचे आणि भेटीस आलेल्यांचेही.

समजा, एका बाधित रुग्णापासून सरासरी दोघांना संसर्ग होतो. हात धुण्याने शंभरांपैकी चाळीस संसर्ग टळले, तर दोनाचे 1.2 होतात, म्हणजे साथ वाढतच राहते. साठ टळले, तर 0.8 उरतात. मग दहांचे आठ, आठांचे सहा, असे होत साखळी तुटते. साऱ्या प्रयत्नांचे यश एकाच्या अलीकडे वा पलीकडे असण्यावर ठरते. म्हणून ‘माझ्या एकट्याच्या हात धुण्याने काय होणार?’ हा प्रश्न गणिताला मान्य नाही. कोणाचा हात तराजू झुकवील, हे आधी सांगता येत नाही.

रुग्णालयाचे दार मात्र सदैव उघडे असते. नवा रुग्ण बाहेरून नवा जंतू आणू शकतो. त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही. ते रोजच्या झाडलोटीसारखे नित्य करावे लागते.

घरच्यांनी पाळावयाचे नियम साधे आहेत. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. खाट, कपाट यांना हात लागला तरीही धुवावेत. रुग्णाच्या खाटेवर बसू नये. एका वेळी एकानेच भेटावे. स्वतःस ताप वा खोकला असल्यास दुरूनच चौकशी करावी. दुसऱ्या खाटेकडे वळण्याआधी क्षणभर थांबून हात स्वच्छ करावेत.

कपाळावर ठेवलेला हात रुग्णाला धीर देतो. तो धुतलेला असला, तर शेजारच्या खाटेवरील अनोळखी माणसाचेही त्यात रक्षण असते.