आमचा धुरा आणि गावाची ई-क्लास

दिवाळीत चार दिवस धनजला जाऊन आलो. (धनज म्हणजे वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. पुण्यातल्या मित्रांना दरवेळी सांगावं लागतं!) काकांबरोबर वावरात गेलो, तर ते सहज म्हणाले, "ते हिवर पयले धुऱ्याच्या पल्याड होतं, ई-क्लासात. आता आपल्या वावरात हाय." आणि हसले. मीही हसलो. नंतर मात्र ते डोक्यातून जाईना.

ई-क्लास म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं गायरान. गुरं चारायची, सरपण, बोरं, पळसाची पानं आणायची ती तिथूनच. पावसाचं पाणी मुरायचं तेही तिथे. जवळच काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. पण काळविटाला अभयारण्याची हद्द थोडीच कळते? बाहेर कुरण उरलं नाही की तो हरभऱ्यात शिरतो, आणि आपण म्हणतो जनावरांचा त्रास वाढला!

गॅरेट हार्डिनने १९६८ साली लिहिलं की सामाईक कुरणाची वाट लागणारच, कारण फायदा एकट्याचा आणि तोटा सगळ्यांचा. आमचा धुरा बघून पटतंही. पण एलिनॉर ऑस्ट्रॉमने स्वित्झर्लंड-जपानमधली शतकानुशतकं टिकलेली गावकुरणं अभ्यासून दाखवलं, की हद्द ठरलेली असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केले असतील आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारेही तेच असतील, तर सामाईक गोष्ट टिकते. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आम्हा संगणकवाल्यांना यात नवल नाही. लिनक्स सगळ्यांचं आहे, पण त्यात कुणीही काहीही घुसडू शकत नाही.

त्याच २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. २०११ पासून बांबू गावच विकतं, त्यामुळे तो राखायची काळजीही गावालाच.

धनज म्हणजे मेंढा नव्हे, मान्य. आमच्याकडे जंगल नाही, जाती अनेक, राजकारण भरपूर. आणि ज्याच्याकडे वावरच नाही, त्याने पोटासाठी गायरानात दोन एकर कसली तर ती गोष्ट वेगळी. त्याला आधी हुसकावणं हा न्याय नव्हे. पण आमच्याकडे वावर आहे. आम्ही धुरा सरकवला तो केवळ सरकवता आला म्हणून.

परवा काकांना फोन केला. म्हटलं, २६ जानेवारीच्या ग्रामसभेला येतो. ई-क्लासची मोजणी मागू, सुरुवात आपल्या धुऱ्यापासून.

थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "सारेच सरकवतेत. मंग पयले आपलाच काऊन?"

हार्डिनचा अख्खा लेख त्या एका वाक्यात आहे. उत्तर मला फोनवर सुचलं नाही. पण रजेचा अर्ज टाकलाय.